विभागाची वेबसाइट अचानक माझ्याकडे आली आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : मी विद्यापीठाच्या एका विभागात कार्यालयीन काम पाहते. विभागाची वेबसाइट आजवर एक सहकारी सांभाळायचे. ते दुसरीकडे गेले आणि जाताना लॉगिन कसं करायचं, पान कसं उघडायचं एवढं घाईघाईत दाखवून गेले. आता प्राध्यापक वर्डच्या फायली पाठवतात आणि खाली एकच ओळ असते : 'साइटवर टाका.' मला कोडिंग येत नाही. चुकून भलतंच बटण दाबलं गेलं आणि साइट कोलमडली तर, या धास्तीने साधा बदलसुद्धा मी लांबणीवर टाकते. सीएमएस शिकायला सुरुवात कुठून करू? एचटीएमएल यायलाच हवं का? आणि नेहमीचं काम सांभाळून हे कसं जमवू?

उत्तर : साइट कोलमडण्याची धास्ती आधी दूर करू, कारण ती मनात आहे तोवर शिकणं पुढे सरकणार नाही.

सीएमएस म्हणजे आशय व्यवस्थापनाची प्रणाली, आणि ती तयारच झाली ती कोडिंग न येणाऱ्या माणसाला पान बदलता यावं म्हणून. तुम्ही लिहिलेला मजकूर डेटाबेसमध्ये साठतो. तो पानावर कसा दिसायचा, मेनू कुठे, अक्षरं केवढी, रंग कोणते, हे साचा ठरवतो. तुमचं काम मजकुराचं आहे, आणि साच्याला हात लावायची मुभा बहुधा तुमच्या खात्याला नसेलच. वर्डप्रेस या सीएमएसमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्युटर आणि सबस्क्रायबर अशा ठरलेल्या भूमिका असतात. एडिटरला पानं लिहिता, बदलता, काढता येतात, पण थीम (म्हणजे साचा) किंवा प्लगिन (म्हणजे वरून बसवलेली जादा सोय) यांना हात लावता येत नाही. ड्रुपल किंवा टायपो३ हे दुसरं सीएमएस असेल तर नावं वेगळी असतील, व्यवस्था तशीच. तेव्हा पहिलं काम : तुमच्या खात्याची भूमिका कोणती, ते विद्यापीठाच्या संगणक विभागाला विचारा. ती ॲडमिनिस्ट्रेटरची निघाली तर स्वतःहून खालची मागून घ्या. रोजच्या कामाला तेवढी पुरते आणि नको ती बटणं समोरून जातात. त्याच फेरीत खातं तुमच्या स्वतःच्या नावाचं करून घ्या. गेलेल्या सहकाऱ्याच्या लॉगिनवर काम चालू ठेवू नका. कोणी काय बदललं याची नोंद सीएमएस ठेवतं, आणि ती तुमच्या नावाने होणं तुमच्याच हिताचं आहे.

दुसरं म्हणजे, जवळपास प्रत्येक सीएमएस पानाच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवतं. मजकूर बिघडला तर कालची आवृत्ती परत आणता येते. वर्डप्रेसमध्ये काढून टाकलेलं पान लगेच नष्ट होत नाही, ते कचरापेटीत ३० दिवस राहतं. अपवाद एकच, आणि तो पक्का लक्षात ठेवा : मीडिया लायब्ररीतली फाइल. चित्र किंवा पीडीएफ तिथून काढली की ती एरवी कायमचीच जाते, तिला कचरापेटी नसते. पान काढताना बिनधास्त राहा, फाइल काढताना थांबा.

हे वाचून भीती जाणार नाही, करून पाहिल्यावर जाईल. संगणक विभागाकडे सरावाची वेगळी साइट आहे का विचारा. नसेल तर एक नवं पान उघडा, त्याला 'चाचणी' नाव द्या आणि ते ड्राफ्टच ठेवा. पब्लिश केलं नाही तोवर बाहेरच्या कोणाला ते दिसत नाही. त्यावर मजकूर टाका, तक्ता करा, चित्र लावा, मग मुद्दाम सगळं विस्कटून टाका आणि जुन्या आवृत्तीवर परत जा. ते परत येणं स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पाहिलंत की हात मोकळा होतो.

तुमच्याकडे कोणतं सीएमएस आहे ते पत्रात नाही, पण ते माहीत करून घ्या, आवृत्तीच्या क्रमांकासकट. शिकवणारी माहिती शोधताना हा क्रमांक उपयोगी पडतो. वर्डप्रेसचं संपादनाचं पान डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीपासून पार बदललं आणि प्रत्येक परिच्छेद, चित्र, तक्ता हा स्वतंत्र ब्लॉक झाला. त्याआधीचं मार्गदर्शन समोर घेऊन बसलात तर त्यातली चित्रं आणि तुमचा स्क्रीन जुळणार नाहीत आणि तुम्हाला वाटेल आपलंच काहीतरी चुकतंय. ड्रुपल निघालं तर त्याचा उगमच विद्यापीठातला आहे. अँटवर्प विद्यापीठात शिकणाऱ्या ड्रीस बायटार्ट यांनी वसतिगृहातल्या मित्रांना एकमेकांसाठी निरोप ठेवता यावेत म्हणून एक छोटी साइट केली होती, त्यातून वाढलेलं ड्रुपल २००१ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. आवृत्ती सातवी असेल तर मात्र संगणक विभागाला आजच कळवा. तिचा अधिकृत आधार जानेवारी २०२५ मध्ये संपला, म्हणजे सुरक्षेच्या अधिकृत दुरुस्त्या आता तिला मिळत नाहीत. ते काम तुमचं नाही, पण त्यांच्या कानावर घालणं तुमच्या हातात आहे.

आता रोजच्या कामाकडे येऊ. ती वर्डची फाइल घ्या. प्राध्यापकांनी पाठवलेला मजकूर तुम्ही कॉपी करून संपादनाच्या चौकटीत पेस्ट करता, तेव्हा अक्षरांबरोबर वर्डने लावलेली न दिसणारी सजावटही येऊ शकते : फॉन्ट, रंग, ओळींतलं अंतर. मग एका पानावर तीन तऱ्हेची अक्षरं दिसतात आणि मोबाइलवर तक्ता चौकटीबाहेर पळतो. यावर उपाय सोपा आहे. कंट्रोल-व्ही ऐवजी कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबा, नुसता मजकूर येईल. मॅकवर कमांड आहे, तिथे थोडा फरक पडतो, मेनूत 'साध्या मजकुरात पेस्ट' असा पर्याय शोधा. ठळक शब्द, लिंका, याद्या मग सीएमएसच्या बटणांनी पुन्हा लावा. सुरुवातीला हे दुप्पट काम वाटेल. आधीची घाण साफ करत बसण्यापेक्षा ते नक्कीच कमी आहे.

शीर्षकांचं नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच आडवाट धरतात. वर्डच्या फाइलमध्ये 'प्रवेशासाठी पात्रता' ही ओळ मोठी आणि ठळक केलेली असते. ती पाहून तुम्हीही ठळकचं बटण दाबाल. डोळ्यांना ते शीर्षक दिसेल, पण सीएमएसच्या लेखी तो साधा परिच्छेदच राहील. जो विद्यार्थी डोळ्यांनी पाहू शकत नाही आणि स्क्रीन-रीडरकडून पान वाचून घेतो, तो शीर्षकांवरून उड्या मारत हवा तो भाग गाठतो. खरी शीर्षकं नसतील तर त्याला अख्खं पान पहिल्या ओळीपासून ऐकावं लागतं. म्हणून ती ओळ निवडा आणि 'हेडिंग २' द्या. पानाचं नाव हे बहुतेक साच्यांत पहिल्या पातळीचं शीर्षक असतं, त्यामुळे तुमची सुरुवात दुसऱ्या पातळीपासून, तिच्या पोटातल्या भागांना तिसरी. अक्षर केवढं दिसतं यावरून पातळी निवडू नका. मोठं वाटलं तर वाटू द्या, तो साच्याचा प्रश्न आहे.

याच कारणासाठी 'इथे क्लिक करा' अशी लिंक देऊ नका. नुसत्या लिंकांची यादी ऐकणाऱ्याला दहा वेळा 'इथे क्लिक करा' ऐकून काय कळणार? 'पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज' अशी लिंक लिहा. चित्राला पर्यायी मजकूर द्या आणि तो चित्रात काय आहे ते सांगणारा असू द्या. या सगळ्याचे आंतरराष्ट्रीय निकष डब्ल्यूसीएजी या नावाने आहेत, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यात साध्या आकाराची अक्षरं आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ एवढा फरक मागितला आहे. फिक्या राखाडी अक्षरांवर आग्रह धरणाऱ्यांना हा आकडा दाखवायला बरा पडतो.

आता वेळापत्रकाचं पाहू. माझ्या मते विद्यापीठाच्या साइटवर विद्यार्थ्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. परीक्षेचं वेळापत्रक पीडीएफमध्ये येतं, तुम्ही ते अपलोड करता आणि पानावर लिंक देता. आठवड्याने एक तारीख बदलते आणि नवी पीडीएफ येते, त्याच नावाची. तुम्ही ती अपलोड करता. वर्डप्रेस जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवत नाही, ते नव्या फाइलच्या नावाला मागे '-1' जोडून तिला वेगळी ठेवतं. आता दोन्ही फायली जिवंत आहेत. तुम्ही एका पानावरची लिंक बदललीत, पण सूचनांच्या पानावरची राहिली. शोधयंत्राकडे जुन्या फाइलचा पत्ता आहेच, आणि विद्यार्थ्यांच्या गटात कोणीतरी तीच लिंक आधीच पाठवलेली आहे. परीक्षेच्या दिवशी चुकीच्या वेळी येणारा मुलगा निष्काळजी नसतो, त्याने विद्यापीठाच्याच साइटवरची फाइल पाहिलेली असते.

म्हणून वेळापत्रकासाठी एकच कायमचं पान करा आणि सगळीकडे त्या पानाचीच लिंक द्या, फाइलची कधीही नाही. सूचनेत, ईमेलमध्ये, विभागाच्या पहिल्या पानावर, सगळीकडे तेच. तारखा पानावर तक्त्यात लिहा. पीडीएफ छापून लावण्यापुरती खाली असू द्या आणि शेवटचा बदल कोणत्या तारखेला झाला ते वर लिहा. नवी फाइल आली की आधी पानावरची लिंक बदला, ती उघडून पाहा, मग जुनी फाइल लायब्ररीतून काढा. जुन्याच पत्त्यावर नवी फाइल ठेवायची सोय तुमच्या सीएमएसमध्ये आहे का, हेही विचारून घ्या. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी प्लगिन असतात, पण ते बसवणं संगणक विभागाचं काम.

पानाच्या पत्त्यालाही हाच न्याय. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली १९९८ मध्येच लिहून गेले की चांगले पत्ते बदलत नाहीत. अभ्यासक्रमाचं नाव बदललं म्हणून पानाचा पत्ता बदलू नका. बदलावाच लागला तर जुन्यावरून नव्याकडे कायमचं वळण लावून मागा, तांत्रिक भाषेत त्याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. ते नसेल तर जुन्या लिंकवरून येणाऱ्याला ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', असं दिसतं आणि तो समजतो की अभ्यासक्रमच बंद झाला. पत्त्यात वर्ष घालायचा मोहही टाळा. 'प्रवेश' एवढंच ठेवा, दर वर्षी तेच पान नव्याने भरा.

इथून पुढे जे सांगणार आहे ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला साइट मोडण्याची भीती आहे. मोडलेली साइट लगेच दिसते, फोन येतात, कोणीतरी ती दुरुस्त करतं. शिळी साइट कोणालाच दिसत नाही. कार्यालयाबाहेरच्या सूचनाफलकावर जागा संपते, म्हणून नवा कागद लावताना जुना काढावाच लागतो. वेबसाइटवर जागा संपत नाही, त्यामुळे काढायची वेळ कधी येतच नाही. गेल्या वर्षीची अंतिम तारीख, निवृत्त झालेल्या प्राध्यापकांचा फोन, बंद झालेली शिष्यवृत्ती, सगळं नव्याइतकंच टवटवीत दिसत पडून राहतं, आणि दूर कुठेतरी बसलेला अर्जदार त्यावर विश्वास ठेवतो.

यासाठी सीएमएसमध्ये शिकण्यासारखं थोडं आहे, बाहेर करण्यासारखं जास्त. एक साधी स्प्रेडशीट उघडा. विभागाच्या साइटवरचं प्रत्येक पान त्यात एका ओळीत लिहा. पुढे तीन गोष्टी : यातली माहिती नेमकी कोणाकडून येते, ती एरवी कधी बदलते, आणि तुम्ही ती शेवटची कधी तपासलीत. पहिला रकाना भरतानाच कळेल की कित्येक पानांना कोणी धनीच नाही. ती पानं विभागप्रमुखांसमोर ठेवा. एकतर कोणाचं तरी नाव त्यांपुढे लागलं पाहिजे किंवा ती साइटवरून उतरली पाहिजेत. मग गेलेल्या सहकाऱ्याचं नाव साइटच्या शोधात टाका. संपर्कासाठी त्यांचा नंबर अजून कुठे कुठे आहे ते दिसेल. नंबर अशा ठिकठिकाणी लिहिलेला असतो हेच मूळ दुखणं आहे. तो फक्त संपर्काच्या पानावर असू द्या, बाकीच्या पानांवरून तिकडे लिंक द्या, म्हणजे पुढच्या वेळी एकाच जागी बदलावं लागेल.

मुदतीच्या सूचनांसाठी यंत्राची मदत घ्या. टायपो३ मध्ये मजकूर कधी दिसायला लागावा आणि कधी दिसेनासा व्हावा, या दोन्ही तारखा घालायची सोय मुळातच असते. ड्रुपलमध्ये त्यासाठी शेड्युलर नावाचं मॉड्यूल मिळतं. वर्डप्रेस आपणहून फक्त पुढच्या तारखेला प्रसिद्ध करण्याची सोय देतं, उतरवायला वेगळं प्लगिन लागतं. ते नसेल तर सूचना टाकतानाच ती कधी उतरवायची याची आठवण कॅलेंडरमध्ये लावून टाका. आणि पुढच्या वेळेचं काही लावण्याआधी साइटचं घड्याळ तुमच्याच वेळेवर आहे ना, ते एकदा सेटिंगमध्ये पाहून घ्या. मजकुरात 'या वर्षी', 'येत्या सोमवारी' असं लिहू नका, तारीख आणि साल लिहा. शिळी सूचना निदान शिळी आहे हे तरी वाचणाऱ्याला कळेल.

आता 'साइटवर टाका' या ओळीबद्दल. प्राध्यापकांना दोष द्यायचा नाही, त्यांना वाटतं फाइल पाठवली की काम झालं. पण तुम्ही नुसत्या टाकणाऱ्या नाही, त्या पानाच्या संपादक आहात, आणि संपादकाने विचारलं तर कोणी रागावत नाही. प्रत्येक फाइलला उत्तर म्हणून विचारा : सर, हे कोणासाठी आहे, कुठल्या तारखेपर्यंत ठेवायचं आणि शंका आली तर विद्यार्थ्यांनी कोणाला विचारायचं? काही दिवसांत ही उत्तरं फाइलबरोबरच यायला लागतील. कार्यक्रमाचं रंगीत पोस्टर चित्र म्हणून आलं तर ते लावा, पण विषय, वक्ता, तारीख, वेळ, ठिकाण खाली अक्षरांत लिहा. चित्रातली अक्षरं स्क्रीन-रीडर वाचेलच असं नाही, साइटच्या शोधात ती बहुधा सापडत नाहीत आणि मोबाइलवर ती मुंगीएवढी होतात. कॅमेऱ्यातून आलेले फोटो तसेच चढवू नका. चार-पाच हजार पिक्सेल रुंदीचा फोटो पानावर जेमतेम हजारभर पिक्सेलमध्ये दिसतो, पण जड फाइलमुळे पान रेंगाळतं. आधी लहान करा, मग चढवा.

पहिल्या पानावर प्रत्येकाला आपली सूचना हवी असते. तिथे काय यावं हे तुम्ही एकट्याने ठरवू नका, विभागप्रमुखांकडून एक नियम लेखी घ्या. नकार तुमच्या तोंडून गेला तर वाद होतो, नियमातून गेला तर होत नाही.

बदल पब्लिश केला आणि दिसत नाही, असं होईल तेव्हा घाबरू नका. ब्राउझरने किंवा सर्व्हरने जुनं पान साठवून ठेवलेलं असतं. खासगी खिडकीत, लॉगिन न करता, पान उघडून पाहा. तिथे नवं दिसलं तर काम झालेलं आहे. ही सवय प्रत्येक बदलानंतर ठेवा, आणि पान एकदा मोबाइलवरही उघडा. तुम्ही लॉगिन करून जे पाहता तेच विद्यार्थ्याला दिसतं असं नाही.

एचटीएमएल, म्हणजे पानाची रचना खुणांनी सांगणारी भाषा, सुरुवातीला नको. काही महिने हात बसला की तिच्यातल्या सहा-सात खुणा, म्हणजे टॅग, ओळखता आले तर बरं : परिच्छेदाचा पी, शीर्षकांचे एच२ आणि एच३, यादीचे यूएल आणि एलआय, लिंकचा ए, तक्त्याचा टेबल. एखादी ओळ विचित्र दिसायला लागली आणि बटणांनी सरळ होईना, की सोर्सचं दृश्य उघडून नको असलेला टॅग काढता येतो. एवढं एका दुपारी शिकून होतं, त्यासाठी वर्ग लावायची गरज नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. हे काम तुमच्या नेहमीच्या कामाच्या फटीत बसवू नका, ते तिथे मावणार नाही. विभागप्रमुखांना भेटून आठवड्यातले ठरावीक तास मागा आणि ते तुमच्या कामाच्या यादीत लिहून घ्यायला सांगा. प्रवेश आणि निकालांच्या दिवसांत जास्त तास लागतील हेही तेव्हाच बोला. तुम्ही रजेवर असताना सूचना चढवू शकेल अशा आणखी एका व्यक्तीला स्वतंत्र लॉगिन मागा. भेटीला जाताना ती स्प्रेडशीट छापून न्या, प्रत्येक पानापुढे ते शेवटचं कधी तपासलं गेलं ते लिहिलेली. रिकामे रकाने त्यांना स्वतः पाहू द्या.